तापल्या हलगीचं सॉफ्टवेअर

शाहूपुरीतल्या आमच्या स्टुडिओचा जिना चढून आलेला माणूस चपला काढायच्या आत एकच प्रश्न विचारतो. "ताई, ड्रम रेकॉर्ड करायचेत. कुठलं सॉफ्टवेअर भारी?"

मी उलट विचारते, "वाजवणार कोण?"

"ते बघू की निवांत. आधी सॉफ्टवेअर सांगा."

झालं. इथं माझं डोकं फिरतं. नवरी ठरलेली नाही आणि हा गडी ब्लाउज शिवायला टाकायला निघालाय!

मी मूळची पत्रकं लिहिणारी. कॉलेजात असल्यापासून. पहिल्या ओळीत शत्रू, शेवटच्या ओळीत मागणी, आणि मधे वाचणाऱ्याला श्वास घ्यायला जागा ठेवायची नाही, एवढंच लेखन मला येतं. या अंकाचे संपादक म्हणाले, "तुमच्या कामाबद्दल लिहा, पण पत्रक नको." बघते प्रयत्न करून. उद्गारचिन्हं तेवढी पोटात घाला.

आधी काम काय ते सांगते, कारण आमच्या घरातही ते अजून नीट कळलेलं नाही. आई शेजारणींना सांगते, "पोरगी माइकचं करते." त्यामुळे मी मंडपवाल्याकडे कामाला आहे असं निम्म्या गल्लीला वाटतं.

ड्रमसेट तुम्ही ऑर्केस्ट्रात बघितला असेल. पायानं वाजणारा मोठा ढोल, मांडीपाशी कडकडीत वाजणारा स्नेअर, बाजूला दोन-तीन टॉम, म्हणजे मधल्या आकाराचे ढोल, वर झांजा. वाजवणारा माणूस एक, पण रेकॉर्ड करताना प्रत्येकाच्या तोंडाशी वेगळा माइक लागतो, शिवाय डोक्यावर दोन. कॉम्प्युटरवर प्रत्येक माइकची वेगळी पट्टी दिसते. तो ट्रॅक. आता स्नेअरवर काठी पडली की आवाज एकट्या स्नेअरच्या माइकात जात नाही, सगळ्यांच्यात जातो. जवळच्याकडे आधी, डोक्यावरच्याकडे किंचित उशिरा. त्या किंचित उशिरामुळेच ऐकणाऱ्याला वाटतं की समोर खोलीत कुणीतरी बसून वाजवतंय. म्हणून एखादा ठोका पुढं-मागं करायचा तर सगळ्या पट्ट्या एकत्र बांधून, एकदम कापून, एकदम सरकवाव्या लागतात. लग्नातल्या घोळक्याच्या फोटोतून एकाच काकांना कापून बाजूला केलं, तर त्यांचा हात मात्र शेजारच्याच्या खांद्यावर तसाच राहतो. तसं होतं.

हुपरीचा एक तरुण असाच माझ्यावर चवताळून आला होता. घरात पैंजणांचं काम, हा दिवसभर चांदीवर ठोकणार आणि संध्याकाळी ड्रमवर. मामेभावाच्या सांगण्यावरून त्यानं सगळ्यात महागडं सॉफ्टवेअर घेतलं आणि स्नेअरचे ठोके एकेक करून पडद्यावरच्या उभ्या रेघांवर नेऊन चिकटवले. फक्त स्नेअरचे. बाकीच्या पट्ट्या होत्या तिथंच. प्रत्येक ठोका दोनदा ऐकू यायला लागला, गाणं बोबडं झालं.

"सॉफ्टवेअर बोगस हाय, ताई."

"सॉफ्टवेअर शहाणं आहे. तू एकट्यालाच घराबाहेर काढलंस."

मी त्याला सगळ्या पट्ट्या बांधून दाखवल्या. तो म्हणाला, "म्हणजे एक कडी वढली की अख्खी साखळी वढायची. मग असं सांगा की! मला काय शाळा शिकवालाय!"

त्या दिवसापासून मी ही गोष्ट गिऱ्हाइकांना त्याच्याच शब्दांत सांगते. तर सॉफ्टवेअर घेताना पहिलं बघायचं, साखळी ओढता येते का. दुसरं, आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर ते मधेच मान टाकतंय का. आणि तिसरं, जे दुकानदार कधी सांगत नाही: वाजवणारा सॉफ्टवेअरच्या मागं चालणार, की सॉफ्टवेअर वाजवणाऱ्याच्या मागं? या तिसऱ्या प्रश्नापायी मी एक अख्खा उन्हाळा घालवला. केरबामामांसाठी.

केरबामामा हलगीवाले. मलकापूरच्या रस्त्याला त्यांचं गाव आहे, नाव लिहीत नाही, कारण पुढं गावातल्या माणसांची थोडी उणीदुणी येणार आहेत. कुस्तीच्या मैदानात हलगी लागते हे कोल्हापूरकराला सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकासाठी सांगते. हलगी म्हणजे गोल कड्यावर ताणलेलं कातडं. ती डाव्या खांद्याला अडकवायची, उजव्या हातात आखूड जाड काठी, डाव्या हातात लवलवती बारीक. पैलवान मैदानात उतरले की हलगी सुरू होते. ते एकमेकांचा अंदाज घेत फिरतात तोवर ती रमतगमत चालते, ते भिडले की तीही भिडते. हलगीवाला ताल मोजत नसतो, कुस्ती बघत असतो.

मामा जिना चढून आले ते दम खात नव्हे, भांडत.

"तूच न्हवं का गं पल्लवी, ती पत्रकवाली?"

"कुठली?"

"एस्टी स्टँडवर माझ्या हातात गुलाबी कागद कोंबलीस. 'बॉक्स हटवा, वाजवणारा वाचवा.' मी म्हटलं तुला, बाई, मी वाजवणाराच हाय, मला कशाला देतीस, त्या बॉक्सवाल्याला दे. तू ऐकून बी घेतलं न्हाईस."

पत्रक आमचंच. मिरवणुकीत, जत्रेत, लग्नात स्पीकरचे भिंतीएवढे बॉक्स लावून हाडामांसाच्या वादकांना घरी बसवतात, त्याविरुद्ध आमचा पाच-सहा जणांचा गट ओरडत असतो. गट लहान आहे, आवाज मोठा आहे.

"बोला मामा, काय काम काढलंत?"

"माझी हलगी ह्या मशीनीत भर."

"कशासाठी?"

"बॉक्सवर लावाय."

मी हातातला चहा खाली ठेवला.

मामांचा उजवा खांदा धरला होता. दोन-चार मिनिटं हात चालायचा, मग वर उचलायचाच नाही. जत्रेतलं मैदान म्हणजे अख्ख्या दुपारचं काम. त्यांचे आजोबा, वडील, मग ते, तिघांनीही त्या मैदानाच्या एकाच कोपऱ्यात हलगी वाजवलेली. मैदान कमिटीचे अध्यक्ष, ज्यांना सगळं गाव आबा म्हणतं, त्यांनी सांगितलं होतं, केरबा, आता बस निवांत, यंदा बॉक्सवर हलगी लावू.

"आबाच्या पुतण्यानं मोबाइलवर शोधून काढलीया. 'अस्सल कोल्हापुरी हलगी' म्हणून नाव हाय वर. मी ऐकली. पल्लवे, ती हलगी न्हवं. पत्रा हाय, पत्रा! मग मी म्हटलं, बॉक्सच लावायचा असंल तर माझी लावा. आबा व्हय म्हणाला."

तो तुकडा मी ओळखत होते. चार मात्रांचा एक ठोकळा, तोच तोच फिरून वाजणारा. गाणं करणारे असले ठोकळे विकत घेतात आणि भिंत रचल्यासारखे एकापुढं एक लावतात. त्याचं मला वावडं नाही. संताप याचा येतो की त्या ठोकळ्यावर वाजवणाऱ्याचं नाव नसतं. कुणीतरी कुठंतरी कातडं तापवून माइकसमोर बसला असेल की नाही? गुळाच्या रव्याचा, म्हणजे ढेपेचा, सौदा निघतानासुद्धा माल कुणाच्या गुऱ्हाळाचा ते पुकारतात. आणि हाताला नाव नाही!

"मामा," मी म्हणाले, "तुम्ही तुमच्या हातानं तुमची जागा बॉक्सला देताय."

"जागा माझ्या खांद्यानं आधीच दिलीया. आवाज तरी माझा जाऊ दे की तिथं. न्हायतर माझ्या कोपऱ्यात तो पत्रा वाजणार आणि मी प्रेक्षकांत बसून शेंगा फोडणार? मरंन की गं."

"मुलगा नाही का वाजवत?"

"मीच न्हाय म्हटलं त्याला." मामांचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "माझ्या बापाला वाजवाय मानानं बोलवायची आणि जेवाय बाहेर बसवायची. पोरगं कारखान्यात हाय, मशीन चालवतंय, टेबलावर बसून जेवतंय. त्याला कशाला हलगी देऊ?"

परंपरा टिकवा, वारसा जपा, असली वाक्यं मी डझनानं लिहिली आहेत. त्या दिवशी त्यातलं एकही तोंडातून बाहेर आलं नाही. मी म्हणाले, "उद्या या."

दुसऱ्या दिवशी मामा आले, हलगी बाहेर काढली, एक ठोका दिला आणि तोंड वाकडं केलं. "ही निजली."

स्टुडिओत एसी. थंड हवेत कातडं सैल पडतं आणि हलगी भद्द वाजते. तिला आगीवर शेकून ताणावं लागतं. एसी बंद करता येतो, पण आग? आमच्या खोलीच्या भिंतींना आवाज घुमू नये म्हणून कापसाच्या गाद्या लावलेल्या आहेत. तिथं काडी ओढली असती तर हा लेख अग्निशामक दलानं लिहिला असता. मग गच्चीवर गेलो. जाळायला काय? मामांनी खोलीभर नजर फिरवली आणि कोपऱ्यातल्या गुलाबी गठ्ठ्यावर ती थांबली.

"ते उरलेलं हायत न्हवं?"

उरलेली होती. पत्रकं नेहमीच उरतात. मी काही बोलायच्या आत मामांनी पहिली मूठ पेटवली आणि हलगी तिच्यावर गोल फिरवायला सुरुवात केली. ज्वाळा बघून खूश होऊन म्हणाले, "तुझ्या कागदाला धग मातूर चांगली हाय गं."

माझ्या लेखनावर आजवर आलेला सगळ्यात मोकळा अभिप्राय तो हाच!

खाली येऊन मी महागडं सॉफ्टवेअर उघडलं. मोठ्या स्टुडिओंत हेच असतं. याला आम्ही थोरलं म्हणतो. थोरल्याची शिस्त अशी की आधी ताल ठरवा, मग तो कानात घड्याळासारखी टकटक करतो, आणि वाजवणाऱ्यानं त्या टकटकीवर पाय टाकत चालायचं. तसं न करताही त्यात रेकॉर्ड करता येतं म्हणा, पण मला संपादनाची सोय हवी होती. मी मामांच्या कानाला हेडफोन लावला.

"ह्यो कोण टकटक करालाय?"

"तुम्हाला ताल देतोय."

"मला?" मामा हसले, मग चिडले, मग परत हसले. "त्याला म्हणावं, तू माझ्या मागनं ये."

टकटक बंद केली. मामा वाजवायला लागले, खांदा दुखला की थांबायचे, गच्चीवर जाऊन हलगी शेकायचे, परत यायचे. माझ्याकडे बरेच तुकडे जमले. माझा बेत सरळ होता: चांगले तुकडे निवडायचे, जोडायचे, अख्ख्या दुपारची हलगी तयार. ड्रमसेटच्या बाबतीत मी हे डोळे मिटून करते.

जोडलं आणि ऐकलं तर प्रत्येक सांध्याला हलगी उडी मारायची. नुकतीच तापलेली हलगी उंच, टणक बोलते. जरा वेळानं तिचा आवाज उतरतो, गोल होतो. मी तापलेल्या शेपटीला कोमट डोकं जोडत होते. ठोक्यांची वेळ सॉफ्टवेअर बिनचूक जुळवत होतं, पण धग जुळवायचं बटण त्यात नव्हतं. मग मी ठोकळेवालं सॉफ्टवेअर लावलं, जे स्वतःच ऐकून ताल ओळखतं म्हणे. त्यानं मामांच्या वाजवण्याचा अंदाज घेतला, गोंधळलं, आणि त्यांची हलगी ताणून-आखडून चक्क लग्नातल्या बँडसारखी करून ठेवली.

मी कपाळाला हात लावला. मामांनी ते ऐकलं आणि त्यांचे डोळे चमकले.

"हे भारी हाय की! लईच सरळ झालंय. मीच हाय न्हवं ह्यो?"

"मामा, हे वाईट आहे!"

"तुला वाईट. आबाच्या पुतण्याला आवडंल."

अर्धा तास आमचं भांडण झालं. हलगीच्या बाजूनं मी, बॉक्सच्या बाजूनं केरबामामा. दारात आलेला चहावाला पोटातलं हसू दाबत परत गेला. शेवटी मी विचारलं, "बरं, यावर कुस्ती होईल?"

मामांनी परत ऐकलं. "व्हायची न्हाय," म्हणाले. "पर खरं सांगू? माझं बी मगाचचं बरोबर न्हवतं. भिंतीकडं बघून काय वाजवू? कुस्ती कुठं हाय?"

भिंतीवरच्या गाद्या आफरीनच्या वडिलांनी शिवलेल्या आहेत. पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिंजणारं घर, आणि मुलगी तालमीत कुस्ती खेळते. मी तिला फोन केला. दुसऱ्या दिवशी आफरीन आणि तिची तालमीतली जोडीदार सानिका, दोघी खेळायच्या कपड्यांत हजर. खुर्च्या, स्टँड, केबली बाहेर काढल्या. भिंतीवरच्या दोन गाद्या जमिनीवर आल्या. आफरीननं गादी चाचपली आणि म्हणाली, "अब्बांना कळलं तर पैसे परत मागतील. त्यांनी झोपायला शिवल्यात."

माइक मी उंच टांगले होते, कारण पैलवान पोरीचा पाय कुठं जाईल सांगता येत नाही. मामा कोपऱ्यात उभे राहिले. पोरींनी हात मिळवले आणि हलगी बोलली.

काय वाजवलं त्या माणसानं! सानिका वाकली की हलगी वाकायची. आफरीन पट काढायला घुसली, म्हणजे पायाला हात घालून खाली खेचायला, आणि तिचा हात पोचायच्या आधी हलगीनं उसळी घेतली होती. ती कुस्ती संपेपर्यंत मी पडद्याकडे बघितलंच नाही. थोरलं, ठोकळेवालं, सगळी सॉफ्टवेअरं जगातून नाहीशी झाली तरी मला चाललं असतं, फक्त रेकॉर्डचं लाल बटण तेवढं राहायला हवं होतं.

संपल्यावर मामांना चहा दिला. कप उचलायला उजवा हात वर येईना. त्यांनी तो डाव्या हातानं घेतला आणि कुणी बघितलं नाही ना हे बघितलं. सानिकानं बघितलं होतं. ती उठून गाद्या लावायला लागली.

आणि मला कळलं की आपण जगातलं सगळ्यात सुंदर निरुपयोगी रेकॉर्डिंग केलंय. ती हलगी त्या दोघींच्या त्या कुस्तीची होती. जत्रेत दुसऱ्याच पोरी एकमेकींचा अंदाज घेत फिरत असतील आणि बॉक्समधली हलगी भलत्याच वेळी उसळी घेईल. प्रेक्षक हसतील. मामांना!

"आबांना सांगू या, नाही जमत," मी म्हणाले.

"सांग. मग तो पत्रा लावंल."

मी घरी गेले, जेवले नाही, आईची बोलणी खाल्ली. माझं पत्रक म्हणत होतं, यंत्र नको, माणूस हवा. बरोबर आहे. पण माणसाचा खांदा गेलाय, त्याचं काय करायचं हे पत्रकात कुठंच लिहिलेलं नव्हतं. मामांचं काय गेलं होतं? खांदा. डोळे शाबूत होते. बोटं शाबूत होती. कुठली कुस्ती कधी पेटणार हे ओळखणारं डोकं पूर्ण शाबूत होतं.

सकाळी मी मामांना म्हणाले, "आता ताल वाजवायचा नाही. एकेक ठोका द्यायचा."

"आणि मग?"

"मग थांबायचं."

"येडं केलंस की मला!"

पण दिले. जाड काठीचा, बारीक काठीचा, कडेचा, मधला, दाबलेला, मोकळा. तापलेल्या हलगीवर, कोमट हलगीवर, उतरलेल्या हलगीवर. एकच ठोका अनेकदा, कारण हुबेहूब तोच आवाज परत वाजला की कान लगेच ओळखतो, मशीन आहे. दोन ठोक्यांमधे हवी तेवढी विश्रांती, त्यामुळे खांदा कुरकुरला नाही. मामा मात्र दिवसभर कुरकुरले.

आता असं सॉफ्टवेअर हवं होतं की बोट टेकलं रे टेकलं, ठोका वाजला. बोट आणि आवाज यांत जरासाही उशीर चालणार नव्हता. ड्रमच्या संपादनात थोरल्याच्या तोडीचं काही नाही, पण माझ्या जुन्या लॅपटॉपवर ते एवढे ठोके पोटात घेऊन चालताना धापा टाकायचं. बोट आत्ता, आवाज मग. शेवटी मी एक तिसरंच घेतलं. दिसायला रांगडं, रंग ढोबळ, बटणं कुठंही. पण हलकं, आणि सांगाल ते निमूट करणारं. चौकोनी रबरी गाद्यांची एक पाटी मिळते, ती त्याला जोडली आणि प्रत्येक रबरी गादीखाली मामांचा एकेक ठोका बसवला. कडेला एक खटका ठेवला. तो सरकवला की तापलेले ठोके जाऊन कोमट यायचे.

मामांनी पाटी मांडीवर घेतली. "ह्यावर काय भाकरी थापायची?"

"थापून बघा."

त्यांनी बोट टेकलं. त्यांचीच हलगी बोलली. त्यांनी हात मागं घेतला, पाटी उलटी करून खालून बघितली, परत टेकलं. मग दोन बोटं, मग चार. हळूहळू डावं मनगट त्या लवलवत्या काठीसारखं हलायला लागलं. खांदा जागचा हलला नव्हता.

"ही मीच हाय," मामा म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "पर हिला वास न्हाय."

जत्रेच्या दिवशी मैदानाच्या चार कोपऱ्यांत आबांच्या पुतण्यानं चार बॉक्स बांधून ठेवले होते. मी गेल्या गेल्या भांडण काढलं. त्यासाठीच माझा जन्म आहे. मागणी एकच: एक बॉक्स, आणि तो मामांच्या पाठीमागं. आवाज आला की माणसाची मान वळते. ती मान केरबामामांकडे वळली पाहिजे, खांबाकडे नव्हे.

"कोण ह्या पावण्या?" आबांनी विचारलं.

"माझी मशीनवाली," मामा म्हणाले. "तिचं ऐक, न्हायतर ती कागद वाटती."

बॉक्स हलला.

मांडवाच्या कडेला, तिघांच्या त्या कोपऱ्यात, मामा घोंगड्यावर बसले. आजवर तिथं कुणी बसून वाजवलेलं नव्हतं. मांडीवर पाटी, शेजारी माझा लॅपटॉप ओल्या टॉवेलाच्या सावलीत. हलगीला धग लागते आणि लॅपटॉपला गारवा. मी देवाला फक्त एवढंच मागत होते की हा डबा मधे बंद पडू नये.

आबा वाकून बघायला लागले. "केरबा, टायपिंग करालास व्हय?"

"तू कुस्ती बघ, आबा. चुकलास तर तुझं बी नाव टाइप करतो."

पहिलीच कुस्ती आफरीनची होती. समोर सीमेपलीकडून आलेली, तिच्याहून उंच मुलगी. सुरुवातीला मामांची बोटं पाटीवर नुसती फिरत होती. ती मुलगी आफरीनला मैदानभर ढकलत होती. लोक ओरडायला लागले. मामा घाई करीनात. पुतण्या माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "जोरात लावा की जरा!" मामांनी पाटीवरून नजर न काढता... नाही, चुकलं. त्यांची नजर पाटीवर नव्हतीच. दुपारभर एकदाही नव्हती. ते आफरीनच्या पायांकडे बघत होते. तिची टाच मातीत रुतली, आणि मामांच्या बोटांनी उसळी घेतली. मी खटका सरकवला, तापलेले ठोके आले. आफरीन आत घुसली, पट निघाला, आणि ती उंच मुलगी पाठीवर पडली तेव्हा शेवटचा ठोका आणि धुरळा एकदमच उठले.

आरडाओरडा. आबा उभे राहिलेले. मी लॅपटॉपला मिठी मारायच्या बेतात.

त्या मैदानात रीत अशी की जिंकलेला पैलवान मातीला हात लावतो, मग येऊन हलगीला. आफरीन मातीनं भरलेली, धापा टाकत आमच्याकडे आली, वाकली आणि तिचा हात हवेतच थांबला. समोर काळी रबरी पाटी, तिच्यातून निघालेली वायर. तिनं माझ्याकडे बघितलं. मी मामांकडे. लोकही बघत होते. एवढं सगळं मी जुळवलं होतं, उशीर, धग, खटका, बॉक्सची जागा; आणि पोरगी हात कशाला लावणार हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

मामांनी घोंगड्याची कड उचलली. खाली हलगी होती.

"लाव हात," ते म्हणाले. "गरम हाय."

आफरीननं दोन्ही तळवे टेकवले. "खरंच गरम आहे," ती मला म्हणाली, जणू मी खोटं बोलले होते.

मांडवामागं तीन दगडांत छोटीशी आग होती, आणि तिच्याकडेला गुलाबी कागदांचा गठ्ठा. मामांनी स्टुडिओतून कधी उचलला होता कुणास ठाऊक. सकाळपासून उठून उठून ते हलगी शेकून आणत होते, आणि मला वाटत होतं म्हाताऱ्याला लघवीला जावं लागतंय.

"मामा, वाजवायची नव्हती, मग तापवलीत कशाला?"

"तिला काय ठाव, वाजवायची न्हाय म्हणून?" त्यांनी हलगी उचलून माझ्या हातात दिली. "धर. पुढची कुस्ती लागली. मला आता उठाय जमायचं न्हाय, तू बस तिथं. गार होऊ देऊ नगो."

"आणि खटका कोण सरकवणार?"

"डावा अंगठा रिकामाच हाय की माझा."

तेव्हा माझ्या मैदानी कारकिर्दीची उरलेली दुपार अशी गेली: पाठीमागं एकच बॉक्स गरजत होता, आणि मी आगीपाशी उकिडवी बसून, 'बॉक्स हटवा'ची एकेक मूठ आत टाकत, केरबामामांची हलगी गोल फिरवत होते. प्रत्येक कुस्ती संपली की मांडवातून हाक यायची, "पल्लवेऽ, आण!" मी धावत जायचे. पैलवान हात लावायचा. मी परत आगीकडे.